सर्व्हरने लावलेली चुकीची चिठ्ठी

सुशीलला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं रसमडा गावच्या, लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या त्या फॅब्रिकेशन कारखान्यात फक्त एकाच माणसाचं मत होतं, आणि तो माणूस म्हणजे खुद्द सुशील. सिस्टम मॅनेजर अशी पाटी दारावर लावून बसला होता. मृणाल त्याच्या हाताखाली काम करी आणि मनातल्या मनात त्याची लायकी रोज एक पायरी खाली उतरवी.

सुशीलने नवा सर्व्हर बसवला आणि दुसऱ्याच दिवशी जुनी ड्रॉइंग्ज उघडेनाशी झाली. क्लिक केलं की ब्राउझरमध्ये नुसती चौकटी-चिन्हांची खिचडी. ही अकराशे ड्रॉइंग्ज कारखान्यातल्या जुन्या श्यामरावकाकांनी दोन वर्षं बसून स्कॅन केली होती. मोठाले कागद लहान फाईलीत मावावेत म्हणून ती डीजेव्हीयू नावाच्या खास फॉरमॅटमध्ये ठेवलेली होती.

सुशीलने सगळ्यांसमोर काकांना उभं केलं. "दो साल से कचरा भरून राहिले तुमी! एकही फाईल सही नाई. सब करप्ट!"

श्यामरावकाकांनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि ते वैशाली नगरातल्या आपल्या घरी निघून गेले. सर्व्हर बदलेपर्यंत याच फाईली नीट उघडत होत्या हे ठाऊक असूनही मृणाल मान खाली घालून बसली होती.

मग सुशील या थोर माणसाने इलाज सुरू केला. फाईलींच्या नावातलं शेवटचं डीजेव्हीयू पुसून तिथे जेपीजी लिहायचं! तीनशे फाईलींची नावं त्याने अशी बदलली. नाव बदलल्याने आतलं चित्र बदलत नाही, हे त्याला कोण सांगणार?

मृणालने ती खिचडी नीट पाहिली. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला AT&TFORM अशी अक्षरं होती. डीजेव्हीयूची हीच खूण. म्हणजे फाईली धडधाकट होत्या. मग तिने सर्व्हर काय उत्तर देतो ते तपासलं. फाईल पाठवताना सर्व्हर सोबत एक चिठ्ठी जोडतो, हे काय आहे ते सांगणारी. तिला माइम टाइप म्हणतात. ब्राउझर त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतो. नव्या सर्व्हरला हा फॉरमॅट माहीतच नव्हता, म्हणून तो प्रत्येक ड्रॉइंगवर 'साधा मजकूर' अशी चिठ्ठी लावत होता.

"माइम?" मृणालने हे सांगताच सुशील हसला. "अरे, वो तो ईमेल का होता है."

"नाव ईमेलवरून आलं, सर. आता वेबवर बी तेच चालते."

"ठीक है, टाइमपास कर लो."

मृणालने तीनशे नावं पूर्ववत केली आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये डीजेव्हीयू फाईलवर डीजेव्हीयूचीच चिठ्ठी लावायला सांगणारी एक ओळ लिहिली: AddType image/vnd.djvu .djvu. सर्व्हर पुन्हा सुरू केला. ब्राउझरने फाईल थेट ड्रॉइंग दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे दिली आणि क्रेनच्या गर्डरचं ड्रॉइंग बोल्टाच्या भोकांसकट पडद्यावर आलं.

दुपारी सुशीलने डायरेक्टरना सांगितलं, "सर, कॉन्फिगरेशन करवा लिया मैंने." काकांना त्याने मोबाईलवर तीन शब्दांचा मेसेज टाकला: इश्यू सॉल्व्ह्ड, जॉइन. माफीचा एक शब्द नाही. मृणालला त्याच्याकडे पाहावंसुद्धा वाटेना.

संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन वैशाली नगरला काकांच्या घरी गेली. शीलाकाकूंनी दार उघडलं.

"काका, तुमच्या साऱ्या फाईली चांगल्या आहेत. पाहा ना."

काकांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. "पाहाले काय आहे? मले माईतच होतं."

"मग उद्या येता ना?"

"नाई येत. त्या माणसाले सांग, तुया मेसेजची मले गरज नाई."

"तो मूर्ख आहे, काका. त्याच्यासाठी कायले सोडता काम?"

"तो मूर्ख आहे, हे तर साऱ्यायले ठाऊक आहे." काकांनी पहिल्यांदा तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुले तर कळत होतं ना, बाई? तू बी बसूनच होती."

मृणालचा चेहरा उतरला. सुशीलसाठी तिने साठवलेले सगळे शब्द जिभेवर होते, पण या प्रश्नापुढे त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. काकूंनी चहा आणून ठेवला. तिने तो चटका बसत असतानाच घशाखाली उतरवला आणि लॅपटॉप मिटला.