छबुबाईच्या नावाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. वयाने म्हणाल तर मला चारच वर्षे झाली आहेत. पण त्यातली बरीचशी मी पांघरुणाखाली काढली आणि पांघरुणाखाली कुणीही लवकर म्हातारे होते. मला सीएनसी म्हणतात. नाव भारदस्त असले तरी मी जेवायच्या पाटाएवढीच आहे. संगणकावर जी रेघ काढाल, तीच रेघ मी लाकडात कोरते. तीन मोटारी मला डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली नेतात. चौथी मोटार कोरायची सुई गरगर फिरवते. बस, एवढाच माझा संसार.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला कुणी जोडले नाही. दांडे वेगळे, मोटारी वेगळ्या, स्क्रू पुड्यांत, अशी सुटी-सुटी मी खोक्यात शिरले आणि बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या चौकात ट्रान्सपोर्टवाल्याने मला उतरवले. तिथून एका हातगाड्यावर बसून मी धाब्यांच्या मागच्या गल्लीत कय्युमभाईंच्या दुकानी आले.

कय्युमभाई सुतार होते. नुसते सुतार नव्हे, कोरीव कामाचे कारागीर. त्यांनी कोरलेल्या चौकटी आणि पाट्या पार कडा गावापर्यंत गेलेल्या होत्या. पण मी आले त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय हळूहळू सावरला. हात मात्र तसाच लोंबत राहिला. त्यांची बायको फरजाना त्याआधीच वारली होती. मुलगा आमेर पुण्यात एका कंपनीत नोकरीला. "अब्बा, हाताचे काम ही मशीन करेल," म्हणून त्यानेच मला पाठवले होते.

मला जोडायला कय्युमभाईंना बारा दिवस लागले. एका हाताने! नट दातांत धरायचा, दांडा गुडघ्यांत दाबायचा आणि डाव्या हाताने स्क्रू पिळायचा. एखादा स्क्रू पडला की तो शोधायला अर्धा तास जाई. पण घाई म्हणून नाही. दर सांध्याला त्यांनी गुण्या लावून काटकोन तपासला. खोक्यात आलेला एक दांडा केसभर वाकडा होता, तोही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. मित्रांनो, त्यांच्याइतक्या प्रेमाने कारखान्यानेसुद्धा मला कधी हात लावला नव्हता.

ही सगळी धडपड एका पाटीसाठी चालली होती.

गल्लीच्या टोकाला छबुबाई राहायची. वय सत्तरीच्या पुढे. चाळीस वर्षे तिने ऊस तोडला. दर वर्षी सहा महिने परमुलखात, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. त्यामुळे मुकादम हाक मारायचा, "सटवाचा कोयता आला का?" सटवा म्हणजे तिचा नवरा. तो जाऊनही तेव्हा दहा वर्षे झाली होती. मी यायच्या आदल्या वर्षी तिला स्वतःचे घरकुल मिळाले. दोन खोल्या, वर स्लॅब. त्याचे सागवानी दार कय्युमभाईंनी केले होते आणि त्यावर तिच्या नावाची पाटी कोरून देण्याचा शब्दही दिला होता. फरजानाच्या आजारपणात छबुबाईने तिची खूप सेवा केली होती. हा शब्द त्यासाठी होता. पाटीचे लाकूडही दाराच्याच फळीतले, बाजूला काढून ठेवलेले. तेवढ्यात वारे गेले.

छबुबाई हट्टाची होती. घर बांधून तयार, पण ती जुन्या पत्र्याच्या आडोशालाच निजायची.

"मावशी, थंडी लई वाढलीय. राहायला जा की आत," कय्युमभाई म्हणायचे.

"पाटी लागली की जाते."

"बीडहून रंगवून आणतो एखादी."

"रंगवलेली पुसती," ती म्हणायची. "मला कोरलेली पायजे. अन् तूच कोरलेली. मला काय घाई न्हाई."

घाई नाही म्हणायची आणि खोकायची. तो खोकला ऐकून कय्युमभाई खाली मान घालत.

अखेर मला लॅपटॉपला जोडण्याचा दिवस उजाडला. आमेरने आपला जुना लॅपटॉप पाठवला होता. कय्युमभाईंनी वायर लावली. माझ्या पोटातल्या सर्किटच्या पट्टीवर निळा दिवा लागला.

"अब्बा, लाइट लगी क्या?" फोनवरून आमेरने विचारले.

"लगी."

"अब पोर्ट दिखा क्या?"

पोर्ट म्हणजे लॅपटॉपला मी सापडण्याचा दरवाजा. तो काही दिसेना. आमेरने सांगितले ते सगळे त्यांनी केले. ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम घातला, काढला, परत घातला. लॅपटॉप बंद केला, चालू केला. यादी रिकामी ती रिकामीच. मित्रांनो, मी तिथेच होते! माझा दिवा लागलेला होता, मी जागी होते, पण माझा एक शब्दही पलीकडे पोहोचत नव्हता. शेजारी बसून कुणाला ऐकू जाऊ नये, याहून एकटेपण ते कोणते?

पहिल्या आठवड्यात आमेर रोज फोन करायचा. मग एकाआड एक दिवस. मग "अब्बा, रविवारी बघू." मग रविवारीही नाही. त्याचाही दोष नव्हता. कंपनीतून तो दमून येई, आणि रोज तेच विचारायचे, तेच ऐकायचे.

शेजारच्या गाळ्यात अंगद मोटारी भरायचा. पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नव्या तारा गुंडाळून देणे हा त्याचा धंदा. तो आणि कय्युमभाई एका वयाचे, लहानपणापासूनचे दोस्त. त्याने मला वरून-खालून पाहिले आणि तपासायच्या दिव्याची तार एक-दोन ठिकाणी टेकवली.

"मेली बे ही," तो म्हणाला. "पट्टी उडालीय हिची. दिवा लागून काय उपेग? बोलतच न्हाई."

कय्युमभाईंनी कपाटातून फरजानाची जुनी चादर काढली आणि माझ्यावर पांघरली.

पुढचे दोन महिने मी काही पाहिले नाही, फक्त ऐकले. सकाळी शटर वर जायचे. कय्युमभाई खुर्चीवर बसायचे. गिऱ्हाईक यायचे नाही, कारण हात गेल्याचे गावाला माहीत होते. दुपारी महामार्गावरून ट्रक जायचे तेव्हा माझे दांडे किंचित थरथरायचे, तेवढीच माझी हालचाल. संध्याकाळी शटर खाली. दिवसभरात ते चार वाक्ये बोलले तर फार झाले. आम्ही दोघे एका खोलीत होतो आणि दोघेही एकटे होतो.

मग एका दुपारी त्यांना फरजानाचे फोटो हवेसे झाले. तिचा फोन अधूनमधून आपोआप बंद पडायचा. तो कायमचा जायच्या आत फोटो लॅपटॉपवर घ्यावेत, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी माझीच वायर काढून फोनला लावली. फोन चार्ज होऊ लागला, पण लॅपटॉपवर काही दिसेना. बऱ्याच वेळाने त्यांना फरजानाच्या फोनसोबत आलेली जुनी जाड वायर आठवली. ती लावताच पडद्यावर फोटोंची रांग उभी राहिली. फरजाना चुलीपाशी. फरजाना दाराच्या चौकटीत. फरजाना छबुबाईसोबत, दोघी कशाला तरी हसताना.

ते फोटो त्यांनी कितीतरी वेळ पाहिले. मग एकदम थांबले. हातातल्या दोन वायरींकडे पाहिले आणि मोठ्याने हाक मारली, "अंगद! अरे अंगद, इकडं ये!"

अंगद हातातली तार टाकून धावत आला. त्याला वाटले, पुन्हा वारे गेले.

"ही वायर नुसती करंट देती," कय्युमभाई म्हणाले. "बोलणं नेतच न्हाई. मशीनमधी खोट न्हाई रे!"

चादर निघाली. खोक्यातल्या वायरीच्या जागी ती जाड वायर लागली आणि पडद्यावरच्या रिकाम्या यादीत एक ओळ उमटली. ती मी होते. पुण्याला फोन गेला. त्या दिवशी बाप-लेक तासभर बोलले, आणि सगळे काही माझ्याविषयी नव्हते.

पण एवढ्याने भागले नाही. लॅपटॉप हुकूम देई, मी ऐके, पण हलेना. तेव्हा कळले, की लॅपटॉपच्या वायरीवर माझा दिवा लागतो; मोटारींना वेगळा अडॅप्टर लागतो, आणि त्याचे बारीक बटण बंदच होते. बटण दाबताच मी पहिल्यांदा चालले. रद्दी प्लायवर पहिले अक्षर कोरले, तर 'छ' आरशात पाहावा तसा उलटा.

अंगद ओरडला, "अबे, ही तर उर्दूसारखी उजवीकडून लिहिती!"

कय्युमभाई हसले. मी आल्यापासून त्यांचे हसणे मी पहिल्यांदाच ऐकले. आमेरने फोनवर एक आकडा सांगितला, तो भरताच माझी डावी-उजवी बाजू सरळ झाली.

खरा घोर पुढेच होता. सुई फिरायला लागली की मध्येच संबंध तुटायचा. अर्ध्या अक्षरात मी गप्प. प्लायचे तीन तुकडे असे वाया गेले. आमेरचेही डोके चालेना. आणि सागवानी फळी तर एकच होती. ती बिघडली तर दाराची जोड पुन्हा मिळणार नव्हती.

कय्युमभाईंनी अंगदला शेजारी बसवले. "बघ. सुई बंद असली की हिला कितीबी चालव, काय होत न्हाई. सुई लावली की तुटतंय. हे कावून?"

अंगद कान देऊन ऐकत राहिला. मग म्हणाला, "माझ्या दुकानात मिक्सरची मोटार लावली की रेडिओ खरखरतो. कार्बनमधी ठिणग्या पडत्यात. हिची मोटार तसलीच हाय. तुझी बोलायची वायर तिच्या वायरीला चिकटून गेलीय बे, मग कसं ऐकू येईल?"

ज्याने मला मेली म्हटले होते, त्यानेच मग माझ्या मोटारीच्या दोन टोकांवर बारीक कंडेन्सर बसवला, अंगाला अर्थिंग दिले आणि दोन्ही वायरी एकमेकींपासून हातभर लांब बांधल्या. प्लायवर पूर्ण नाव कोरून झाले. कुठेही तुटले नाही.

आमेरने नावाचा साचा पाठवला होता, छापील, अगदी देखण्या अक्षरांचा. कय्युमभाईंनी तो पाहिला आणि मान हलवली. "हे माझं अक्षर न्हाई. मावशीनं मला कोरायला सांगितलंय."

त्यांनी कागद घेतला आणि डाव्या हाताने नाव लिहिले. पेन्सिल थरथरत होती. 'छ'चा वळसा जरा लवला, 'ई'ची वरची शेंडी कलली. दहा कागद झाले. अकराव्याचा फोटो त्यांनी पुण्याला पाठवला. वडिलांचे डाव्या हाताचे अक्षर आमेरने आजवर पाहिले नव्हते. फोनवर तो हळूच म्हणाला, "मी याच्या रेघा जशाच्या तशा उतरवतो, अब्बा. सरळ करत न्हाई."

ज्या सकाळी सागवानी फळी माझ्यावर कसली, त्या सकाळी अंगदने आपले दुकान बंद ठेवले. दोन तास लागले. कय्युमभाई डावा हात मला थांबवायच्या बटणावर ठेवून पूर्ण वेळ उभे होते. मी त्यांच्या हाताची प्रत्येक थरथर कोरली. एकही सोडली नाही.

पाटी दारावर लागली तेव्हा मी तिथे नव्हते. अंगदने दुकानात येऊन सांगितले ते मी ऐकले. छबुबाईला वाचता येत नव्हते. तिने कय्युमभाईंना विचारले, "ह्यात छ कुठला?" त्यांनी तिचे बोट धरून छवर ठेवले. तिथून ती एकटीच बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. "एवढं मोठं हाय व्हय माझं नाव!" म्हणाली. आणि त्याच दिवशी आपले अंथरूण घेऊन आत राहायला गेली.

त्यानंतरची दीड वर्षे माझी भरभराटीची. नांदूरघाटहून पाट्यांचे काम आले, मशिदीसाठी कुराण ठेवायचे रेहाल केले, लोक मला पाहायला दुकानात डोकावू लागले. "कय्युमभाईंचा हात परत आला," असे कुणी म्हणाले की मला धन्य वाटे.

मग पुन्हा वारे गेले, या वेळी वाचाही गेली. आमेर आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. त्याच्या घरी मला ठेवायला जागा नव्हती. निघताना कय्युमभाईंनी माझ्या दांड्यावर हात ठेवला. बोलायचे असेल, पण बोलता आले नाही.

आता शटर बंद असते. किल्ली अंगदकडे आहे. त्याला संगणक येत नाही. पण दर शुक्रवारी तो येतो, दांड्यांना तेल लावतो आणि गंज चढू नये म्हणून माझ्या मोटारींच्या मुठी हाताने फिरवून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो. मग थोडा वेळ नुसता बसतो. बाकीचे सहा दिवस मी असते, माझ्यावर तीच जुनी चादर असते आणि चादरीवर धूळ असते.

गेल्या शुक्रवारी त्याने पुण्याला फोन लावला. आमेरने तो वडिलांच्या कानाला धरला असावा.

"कय्युम, ऐक बे," अंगद म्हणाला आणि त्याने फोन माझ्याजवळ धरून मूठ फिरवली. माझा स्क्रू करकरत या टोकाहून त्या टोकाला गेला. अंगदने पुन्हा फिरवली. पलीकडून काहीच आवाज आला नाही. पण फोनही कुणी ठेवला नाही. कितीतरी वेळ अंगद मूठ फिरवत राहिला, आणि मी चालत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी बंद पडलेली मशीन असेल, तर तिला तेल-पाणी करा, धूळ झटका. आणि घरात एखादे माणूस गप्प झाले असेल, तर त्याच्याजवळ थोडे बसा. समोरून आवाज येत नाही म्हणून लगेच फोन ठेवू नका.