मैनेचा खड्डा

मैना एकोणीस महिन्यांची झाली तरी पायांवर उभी राहत नव्हती. बसायची, सरकायची, बोट दाखवून सगळं घर कामाला लावायची. पण उभी करायला गेलं की दोन्ही पाय पोटाशी घ्यायची, जणू खाली निखारे पसरलेत. माझ्याजवळच्या बालसंगोपनाच्या पुस्तकात कुठल्या महिन्याला मुलाला काय यायला हवं त्याचा तक्ता होता. त्या तक्त्यात मैना सात महिने मागे होती. मी पुण्याला इंटरपर्यंत शिकले, पण कुठल्या विषयात मागे राहिले नव्हते. त्यामुळे हे दुःख मला नवीनच होतं.

उपाय झाले. सवच्या गरम झऱ्यावर सात रविवार नेऊन बुडवली. सातही वेळा उकडलेल्या कोळंबीसारखी लाल होऊन आली, पाय होते तसेच. माशाचं तेल पाजून झालं, चोळूनही झालं. शेवटी सासूबाईंचं पत्र आलं. त्या मुंबईला थोरल्या दिरांकडे असत. "गिरगावात एक डॉक्टर अशा मुलांच्या पायांना लोखंडी पट्ट्या बांधतात. वर्षभर काढायच्या नाहीत. चंपाषष्ठी झाली की मी स्वतः येऊन मुलीला घेऊन जाते. तोवर चालली तर प्रश्नच नाही." त्या रात्रीपासून माझी झोप गेली. मैनेच्या मांड्यांना वळ्या पडत. त्या वळ्यांवर लोखंड!

महाडच्या डॉक्टरांनी मैनेचे पाय दाबून पाहिले आणि मग, न विचारता, माझी नाडी धरली.

"मुलीला काही झालेलं नाही. नाडी तुमची पळतेय. दोघींनी उघड्या हवेत जाऊन राहा. सकाळी फिरा, मातीत बसा. औषध देत नाही."

औषध न देणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला, आणि त्याच्यावरचा माझा विश्वास उडाला. यांचा मात्र बसला. दिवाळी होताच त्यांनी आम्हां दोघींची रवानगी पोलादपूरजवळच्या आमच्या शेतघरात केली. हे वकील, कोर्ट सोडून येणार कसे? दर शनिवारी मोटारीनं येऊ म्हणाले.

उघडी हवा मी अगदी नियमानं सुरू केली. सकाळी सात ते साडेसात. बांधावर आधी घोंगडी, घोंगडीवर सतरंजी, सतरंजीवर चादर, चादरीवर मैना आणि मैनेवर छत्री. अंगात फ्लॅनेलचं झबलं, पायांत लोकरीचे मोजे, डोक्याला कानटोपी. मुंगी दिसली की मैना उचलायची, चादर झटकायची, मैना ठेवायची. आठ दिवस अशी हवा खाल्ल्यावर मैनेला सर्दी झाली.

आमची शेती प्रयागबाई आणि त्यांचा नवरा सोनबा बघत. प्रयागबाई पन्नाशीच्या, दोन मुलगे मुंबईला गिरणीत. त्या कापणीला जाता-येता आमच्याकडे बघून जात. नवव्या दिवशी थांबल्या.

"वकिलीणबाय, पोरीनं भुई बगितली काय कदी?"

"रोज आणते की शेतावर!"

"आनतीस गो. पन भुई आन पोर यांच्या मदी तुजा अर्धा संसार हाय. चालंल कशावर ती? चादरीवर?"

मला राग आला. त्या रागातच पाणी उकळायला घरी गेले आणि पंधरा मिनिटांसाठी मैनेला त्यांच्यावर सोपवून गेले. परत येते तो सतरंजीवर कोणी नाही. शेतात चार बायका वाकून भात कापत होत्या, आणि बांधाजवळ जमिनीतून माझ्या मुलीचं कमरेपासून वरचं अंग तेवढं वर आलेलं होतं.

मी किंचाळले. वहाणा चिखलात राहिल्या, पाण्याची बाटली कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. जाऊन मैनेला उपटली. हो, उपटलीच. मोजे नाहीत, टोपी नाही, पाय तांबडेलाल. आणि मैनेनं असा गळा काढला की कापणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. तिचे दोन्ही हात खड्ड्याकडे.

"ठेव गो तिला परत," प्रयागबाई म्हणाल्या. "चांगली उबी व्हती."

"उभी? कमरेपर्यंत पुरली होतीत तुम्ही तिला!"

मग त्यांनी मला समजावलं, म्हशीला समजावतात तितक्या शांतपणे. कापणीला आई वाकली की रांगतं पोर विळ्याखाली येतं. म्हणून पोराच्या कमरेएवढा खड्डा खणायचा, तळाशी पेंढा घालायचा आणि पोर त्यात उभं करून ठेवायचं. काठाला हात टेकतात, पडायला जागा नसते. रोज त्या खड्ड्यात पसाभर माती टाकायची. खड्डा हळूहळू उथळ होतो, पोराला कळतसुद्धा नाही. महिन्याभरानं खड्डा बुजतो आणि पोर भुईवर उभं.

"माजी चारी पोरं अशीच उगवली. दोगं तर गिरनीत दिवसभर उब्यानं काम करत्यात."

"आणि खड्ड्यात विंचू निघाला तर?"

"तर इच्चवाला संबाळावं लागंल. तुजी पोरगी चावती."

लोखंड की माती, एवढाच प्रश्न होता. मी मैनेला परत खड्ड्यात ठेवलं. गळा बंद झाला.

विंचवाच्या भीतीनं मी रोज सकाळभर खड्ड्याशी बसू लागले. खड्ड्याशी बसायचं तर सतरंजी अंथरून कसं जमणार, तिथून तळ दिसत नाही. जमिनीवर बसले. वहाणांना चिखल लागतो म्हणून त्या घरीच ठेवल्या. नुसतं बसून काय करायचं म्हणून पेंढ्या बांधायला शिकले. दहा वाजता बायकांबरोबर नाचणीची भाकरी खाल्ली, आणि रात्री आठला जी झोपले ती कोंबडा आरवल्यावर उठले. रोज फूटपट्टीनं खड्ड्याची खोली मोजत होते, तेवढं शिक्षण राहिलं होतं. पहिल्या दिवशी सोळा इंच. पंधराव्या दिवशी आठ. मैना गुडघाभर खड्ड्यात काठ धरून उभी राहायची, आणि प्रयागबाई माती टाकू लागल्या की टाळ्या वाजवायची.

शनिवारी हे आले. माझ्या पायांकडे बघत राहिले.

"काय झालं पायांना?"

"माती लागलीय."

"डॉक्टरांना सांगू?"

"त्यांनीच सांगितली होती ना!"

सगळं नीट चाललं होतं. बिघडवलं मी. सासूबाईंची तार आली, सोमवारी धरमतरच्या बोटीनं निघून मंगळवारी पोचते. मी फूटपट्टीवर हिशेब केला. पसाभर मातीनं खड्डा वेळेत बुजेना. प्रयागबाईंची नजर चुकवून मी तीन दिवस रोज दोन पसे जास्त टाकले.

मंगळवारी सकाळी खड्डा घोट्याएवढा होता. मैनेला उभी केली. धरायला काठच नव्हता. ती खाली बसली. परत उभी केली, परत बसली.

"बाय गो, माती कुणी टाकली?" प्रयागबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्या भाऱ्याकडे निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी कुदळ घेतली. घाईत किती खणतेय याचं भान नव्हतं; माझ्या गुडघ्याच्या वर खोल गेले, तळाला पाणी पाझरू लागलं. मैना आत जाईना. खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई."

"बरं, बघ हं, आई कशी उभी राहते," म्हणून मी उतरले, आणि ओल्या मातीनं माझे पाय धरले. एक ओढावा तर दुसरा रुतायचा.

तेवढ्यात बांधावरून सोनबा येताना दिसले, डोक्यावर ट्रंक. मागे सासूबाई.

"सूनबाई, हे काय?"

"उभी आहे."

"तू उभी आहेस ते दिसतंय. मुलगी उभी राहिली का?"

मैना मी उपसलेल्या मातीच्या ढिगाशी बसली होती. खड्ड्यात माणूस उभं असलं की माती टाकायची असते, एवढं ती महिनाभर पाहत आली होती. तिनं मूठ भरली. दुसरी भरली. हात टेकायला मोकळे राहिले नाहीत, म्हणून तशीच उठली. एक पाऊल. दोन. चौथ्या पावलाला माझ्या गुडघ्यावर माती ओतली, स्वतःच टाळी वाजवली आणि परत ढिगाकडे निघाली. वाटेत पडली. उठली. तिला सवड नव्हती.

मी रडत वर चढायला गेले.

"हलू नकोस!" सासूबाई ओरडल्या. पदर कमरेला खोचून त्या बांधावर मातीतच बसल्या. "तू बाहेर आलीस आणि ती थांबली तर? भरू दे तिला खड्डा."

भारा टाकून प्रयागबाई आल्या. त्यांनी मैनेची मूठ बघितली, मग खड्डा.

"सांज व्हईल गो. भाकरी हितंच आनते."

"दोन आणा," मी सासूबाईंकडे बघून म्हणाले.