टोकं गेलेल्या चांदण्या

समजा, तुमच्या हातात कापडाचे दोन सारखे चौकोन आहेत. एक निळा, एक पांढरा. त्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा. वरच्या चौकोनावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने तिरकी रेघ ओढा. रेघेच्या अलीकडे पाव इंचावर एक शिलाई घाला, पलीकडे पाव इंचावर दुसरी. आता रेघेवरून कापा आणि उघडा. काय मिळालं? पुन्हा दोन चौकोनच, पण प्रत्येकात अर्ध्या भागात निळा त्रिकोण आणि अर्ध्या भागात पांढरा.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? सरळ त्रिकोण कापावेत आणि जोडावेत. भिंगरीनेही हेच विचारलं होतं. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून तिला घरात भिंगरी म्हणायचे. तिच्या आत्याने उत्तर दिलं नाही, नुसता एक कापलेला त्रिकोण हातात ठेवला. "ओढ बघू याची तिरकी कड."

भिंगरीने ओढली. कड लांबली ती लांबलीच. सोडली तरी आपली वाकडीतिकडी.

"ही उरेब कड. अगदी तुझ्यासारखी. जरा हात लागला की निघाली भलतीकडे! म्हणून हिला आधी शिलाईने बांधायचं आणि मग कापायचं."

आत्या गोधड्या शिवायची. खिडकीजवळ तिचं मशीन होतं आणि मशीनजवळ तिचं सगळं जग. शाळेतून आलं की भिंगरी तिला रेघा ओढून द्यायची आणि शिवलेले चौकोन उघडून त्यांच्यावर इस्त्री दाबायची. दाबायची हं, फिरवायची नाही. फिरवली की उरेब ताणलीच म्हणून समजा. मग आत्या मापपट्टीची तिरकी खूण शिलाईवर ठेवून चारी बाजू छाटायची. मधोमध आणि चारी कोपऱ्यांत साधं कापड आणि त्यांच्यामध्ये असे आठ जोडचौकोन लावले की एक चांदणी तयार व्हायची. आत्याच्या चांदण्यांची टोकं अशी धारदार, की हात लावला तर बोचतील असं वाटावं.

आणि त्या आठवड्यात ती टोकं गेली.

एक नाही, दोन नाही, सगळ्याच चांदण्यांची टोकं शिलाईखाली दबली होती. कुरतडल्यासारखी बोथट दिसत होती. आत्याने एक ओळ उसवली, पुन्हा शिवली. पुन्हा तेच.

"ताई, चष्मा बदलून बघ," बाबा म्हणाले.

"गेल्याच महिन्यात बदललाय. डॉक्टर म्हणालेच होते ना, डोळे हळूहळू मंदावणार म्हणून. मंदावले." आत्याने मशीनवर झाकण ठेवलं. "चुका दिसूनही तोंडावर बोट ठेवून लोकांनी माझी गोधडी घ्यायची, त्यापेक्षा आपणहून थांबलेलं बरं. त्या नाक्यावरच्या शिंप्याला निरोप धाड. मशीन हवंय म्हणत होता."

टोकं का गेली, ते एकट्या भिंगरीला ठाऊक होतं.

मशीनच्या सुईशेजारी, पत्र्यावर, लाल चिकटपट्टीचा एक तुकडा असायचा. चौकोन एकमेकांना जोडताना कापडाची कड त्या पट्टीला लावून सरकवली, की शिलाई बरोबर पाव इंचावर पडायची. कंपासपेटीचं झाकण निखळलं तेव्हा भिंगरीने तो तुकडा उचकटून झाकणाला लावला होता. नंतर भीती वाटली, म्हणून रिळातून दुसरा तुकडा कापून अंदाजपंचे चिकटवला. दिसायला होता तसाच, पण सुईपासून जरा लांब सरकला होता. किती? तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा. चांदणीचं टोक खायला तेवढं पुरतं.

सांगावं तर बोलणी. न सांगावं तर मशीन जाणार. त्या दिवशी ती ताटातला भात नुसता चिवडत बसली. "आज भिंगरी गप्प कशी? किल्ली संपली वाटतं," बाबा हसले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी शिंपी आला. त्याने चाक फिरवून पाहिलं. "लोण्यासारखं चालतंय की हो! देताय कशाला?"

"मशीनच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. माझ्या झालंय," आत्या म्हणाली.

"बरं. उद्या हातगाडी घेऊन येतो."

तो जिना उतरला आणि भिंगरीच्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं. कंपासपेटी, झाकण, पट्टी, सगळं. शेवटी रडू. "तुझे डोळे चांगले आहेत आत्या! मीच पट्टी हलवली!"

आत्याने मापपट्टी सुईखाली धरली. दिसेना, तेव्हा बोटाने चाचपून बघितलं. "अगं चोरटे! खरंच सरकलीय की." ती हसली. बाबांनीही सुस्कारा सोडला.

मग आत्याचं हसू हळूहळू मावळलं.

"पण भिंगरी," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी रोज ही पट्टी बघतेय. ती सरकली आणि मला दिसली कशी नाही?"

खरं सांगितलं की ओझं उतरेल असं भिंगरीला वाटलं होतं. ते उतरलंही. पण त्याच्याखाली दुसरं ओझं होतं, आणि ते तिने ठेवलेलं नव्हतं.

आत्या मशीनवर झाकण ठेवायला वळली.

"थांब," भिंगरी म्हणाली. तिने चुकीची पट्टी खरवडून काढली. आत्याने शिकवलं होतं तसं मापपट्टी पत्र्यावर ठेवून सुई हलकेच पाव इंचाच्या खुणेवर टेकवली आणि मापपट्टीच्या कडेला लागून नवा लाल तुकडा चिकटवला. त्यावर बरोबर दुसरा. त्यावर तिसरा, चौथा, पाचवा. पत्र्यावर बारीकसा बांध उभा राहीपर्यंत ती चिकटवतच राहिली. एवढा वेळ ती आयुष्यात कधी एका जागी बसली नव्हती.

मग तिने आत्याचं बोट धरलं आणि त्या बांधाच्या कडेवर टेकवलं.

"लागतंय?"

"लागतंय."

"आता डोळे मिट," भिंगरी म्हणाली, आणि दोन जोडचौकोन टोकाला टोक भिडवून तिने सुईखाली सरकवले.