विश्वजीतचा तीळ

माया दुपारी आमच्या फोटो स्टुडिओत शिरली ती चप्पल न काढताच. तिच्या हातात सैन्यभरतीचं प्रवेशपत्र होतं. मागे तिचा मुलगा विश्वजीत मान खाली घालून उभा.

"आवं आत्ती, ह्यो माजा पोरगा हाय का बघा."

मी चष्मा लावला. कागदाच्या कोपऱ्यात विश्वजीतच होता. कान तेच, बापासारखी रुंद हनुवटीही तीच.

"मग कुणाचा हाय?" मी म्हटलं.

"तीळ कुठं गेला त्येचा?"

मी पोराकडे पाहिलं. डाव्या डोळ्याखाली, गालाच्या उंचवट्यावर मसुरीएवढा काळा तीळ. फोटोत त्या जागी नुसता गुळगुळीत गाल. आणि त्याच कागदावर खाली छापलं होतं, ओळखीची खूण : डाव्या गालावर काळा तीळ.

"उद्या नऊला साताऱ्यात कागद तपासणार हायेत, आजी," विश्वजीत म्हणाला. "पळण्यात पास झालोय मी. आता म्हणतील फोटोतला दुसराच कोण तरी हाय, ह्यो त्येच्या बदली आलाय. भरतीच्या वयाचं माजं ह्ये शेवटचं वरीस हाय. परत फॉर्म भरता येत न्हाई."

कॉम्प्युटरसमोर बसलेली माझी नात राजेश्वरी हे सगळं ऐकत होती. तिचा हात माउसवरच राहिला. तिला काय झालं ते कळलं होतं, आणि तिचा चेहरा बघून मलाही.

पलूसला आमच्यावर हिवाळाभर साखर कारखान्याची काजळी पडते. उसाचं गळीत सुरू झालं की दोरीवरचे कपडेसुद्धा ठिपक्याठिपक्यांचे होतात. आमच्या ह्यांनी म्हसवडहून येऊन हा स्टुडिओ काढला तेव्हा निगेटिव्ह मी मागच्या खोलीत वाळत घालायची, खिडकीच्या फटीला ओली चादर लावून. तरी एखादा कण बसायचाच. मग फोटोवर पांढरा ठिपका उठायचा, आणि मी तीन केसांच्या कुंचल्याने तो भरायची. एका चेहऱ्याला कधी अर्धा तास जायचा. तेवढ्या वेळात तो चेहरा पाठ व्हायचा. कुठला ठिपका काजळीचा आणि कुठला देवीचा वण, हे हाताला कळायचं. अजून कोणी म्हातारं माणूस बाजारात भेटलं, की नावाआधी मला त्याच्या कपाळावरची खोक आठवते.

राजेश्वरीने मागच्या वर्षी सांगलीहून जुन्यातला एक कॅमेरा आणला. लेन्स बदलता येणारा, लग्नाच्या कामाला झकास. मी तिला म्हटलं होतं, स्टुलावर बसवून काढायच्या पासपोर्ट फोटोंना आपला जुनाच ठेव, त्याची लेन्स निघत नाही, आत काही जात नाही. ती हसली. "आजी, त्याच्यात आता दम न्हाई." नवा कॅमेरा लग्नातून यायचा, लेन्स उघडायची, दुसरी बसायची. तेवढ्यात काजळी आत, थेट चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर.

भरतीच्या आठवड्यात त्रेचाळीस पोरं स्टुलावर बसून गेली. कॅमेरा तिकाटण्यावर एका जागी, स्टूल एका जागी. प्रत्येक फोटोत त्याच पाच जागी पाच काळे ठिपके आले. राजेश्वरीने पहिल्या फोटोतले पुसले आणि एक कळ दाबून तीच दुरुस्ती बाकीच्या बेचाळिसांवर उतरवली. मशीन कुंचल्यापेक्षा हुशार, पण त्याला काजळी आणि तीळ यांतला फरक कोण सांगणार? पाचातला एक ठिपका विश्वजीतच्या तिळाला लागून आला होता, त्याच्याबरोबर तीळही पुसला गेला.

"मूळ फोटो कुठं हाय?" मी विचारलं.

"कार्ड पुसलं आजी. लग्नाला लागलं."

मायाने पदर तोंडाला लावला.

"आणि डब्यातलं?"

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आम्ही निगेटिव्ह ठेवायचो, नंबर घालून. डिजिटल आलं तसा मी हट्ट धरला होता, की हात लावायच्या आधीची प्रत डब्यात गेली पाहिजे. राजेश्वरी कुरकुरत का होईना, एका हार्ड डिस्कवर ती उतरवायची आणि डिस्क डब्यात ठेवायची. रोज उतरवायची की नाही, हे मी कधी तपासलं नव्हतं.

तिने डिस्क जोडली. ती टिकटिक करत राहिली. पडद्यावर काहीच येईना. राजेश्वरीने वायर काढली, पुसली, पुन्हा लावली. मी म्हसवडच्या सिद्धनाथाचं नाव घेतलं आणि त्याच दमात तिला रागावलेही. चौथ्या वेळी फोल्डर उघडलं. तारखा खाली खाली सरकल्या. विश्वजीत सापडला. गालावर तीळ होता, आणि तिळाच्या कडेला काजळीचा ठिपका असा चिकटलेला, की मीसुद्धा क्षणभर फसले असते.

छाप काढली. काय चूक झाली ते लिहिलं, स्टुडिओचा शिक्का मारला, सही राजेश्वरीने केली. "मी बी येती," मी म्हटलं. माझे गुडघे दुखतात हे कोणी काढलं नाही.

पहाटेच्या एसटीने आम्ही चौघं निघालो. माया मधूनच पोराच्या गालाकडे बघायची, तीळ जागेवर आहे ना म्हणून.

मैदानाच्या फाटकाशी टेबल टाकून एक हवालदार बसले होते. त्यांनी प्रवेशपत्र पाहिलं, मग चेहरा, मग परत प्रवेशपत्र.

"काय रे, तीळ रंगवून आलास?"

हवालदारांनी रुमाल बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि त्याच्या गालावर घासला. एकदा, दोनदा, जोर लावून. गाल लाल झाला. तीळ तसाच.

"मग फोटोत कसा नाही?"

राजेश्वरी पुढे झाली. "चूक माझी आहे साहेब." तिने लॅपटॉप उघडून मूळ फोटो दाखवला, त्याची तारीख दाखवली, पत्र पुढे केलं.

"फोटो सुंदर करायला सांगितला होता का कोणी?"

"नाही साहेब."

"आम्हाला सुंदर नको. आहे तसा पाहिजे."

ते कागद घेऊन आत गेले. पाऊण तास आम्ही कडुनिंबाखाली उभे होतो. माया म्हणाली, "ह्येचा बाप आसता तर बोलला आसता साहेबांशी." मी म्हटलं, "बोलण्यानं काय हुतंय? तीळ बोलला की." पण डोळे माझेही फाटकाकडेच होते. आमच्या स्टुडिओतून चुकीचा चेहरा बाहेर गेल्याचं मला एवढ्या वर्षांत आठवत नव्हतं.

हवालदार आले. पत्र त्यांनी विश्वजीतच्या कागदांना टाचलं होतं, वर मोठ्या साहेबांची सही. "जा आत. दुसऱ्या वेळी फोटो घरी नीट बघ."

विश्वजीत आत पळाला, मागे वळून न बघता. माया तिथेच मातीत बसली आणि रडायला लागली.

परतीच्या गाडीत राजेश्वरी खिडकीबाहेर बघत होती. कराड मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली, "आजी, ठिपके पाच होते."

"व्हय."

"आणि पोरं त्रेचाळीस."

स्टुडिओत शिरल्या शिरल्या तिने डबा उघडला. पडद्यावर डाव्या बाजूला मूळ, उजव्या बाजूला पुसलेला. एकेक चेहरा. मी खुर्ची जवळ ओढली. पहिले सहा ठीक होते. सातवा अर्जुना, मळ्यातल्या हरणाबाईचा नातू. मूळ फोटोत त्याच्या उजव्या भुवईत खोक, लहानपणी बैलगाडीवरून पडला होता त्याची. दुसऱ्यात भुवई अखंड.

त्याची तपासणी परवा होती. मी फोन लावला.

"अर्जुना, फॉर्मात वळखीची खूण काय लिवलीस रं?"

"का आजी, लगीन जुळवताय व्हय माजं?"

"हसू नगंस गड्या," मी म्हटलं. "प्रवेशपत्र हातात घे आणि आरशाम्होरं उभा ऱ्हा."

राजेश्वरीने आठवा फोटो उघडला.