काशीने गाठ मारलेली दोरी

मी एक जुनी सुती दोरी आहे. पेन्सिलीएवढी जाड. पूर्वी सहा हात होते, आता तीन हात उरले आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, दोरीला कसले आयुष्य आले? पण मी आतापर्यंत शंभराहून जास्त इंजिनांच्या पोटात जाऊन आले आहे.

काशीने मला घणसोली गावातल्या दुकानातून कपडे वाळत घालायला आणले. तिचा नवरा देवजी मेकॅनिक. गावाच्या कडेला त्याचे पत्र्याचे गॅरेज होते, आजही आहे. समोर आता टॉवर झाले आहेत.

एक दिवस देवजी एका गाडीपुढे डोके धरून बसला होता. गाडी निळा धूर सोडत होती. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. त्यात व्हॉल्व असतात आणि प्रत्येक व्हॉल्वला एक स्प्रिंग वर ओढून धरते. स्प्रिंगच्या आत रबराचे छोटे सील असते. ते कडक झाले की ऑइल खाली झिरपते आणि जळते. सील बदलायचे तर स्प्रिंग काढावी लागते, आणि स्प्रिंग काढली की व्हॉल्व खाली सिलिंडरमध्ये पडतो. म्हणून सगळे हेड उतरवतात. त्यात तीन-चार दिवस जातात.

काशी दारात बसून उशीत कापूस भरत होती. देवजी गाडीवाल्याला हे समजावत होता, ते तिने ऐकले आणि ती म्हणाली, "अवो, मंग खालून कायतरी मऊ कोंबा ना. उशीसारखा. मंग कसा पडल तो?"

"इंजिन हाय ते, उशी नाय," देवजी म्हणाला.

पण तो विचार करत राहिला. मग उठला आणि दारापुढे कपड्यांसाठी बांधलेल्या माझ्याकडे बघू लागला. काशीने आपणहून माझा सहा हातांचा तुकडा कापून दिला.

त्याने सिलिंडरच्या डोक्यावरचा स्पार्क प्लग काढला आणि त्या भोकातून मला आत सारले. मी आत वेटोळे करून बसले. त्याने पान्याने इंजिन हळूहळू फिरवले. पिस्टन वर आला, त्याने मला व्हॉल्वखाली घट्ट दाबून धरले. देवजीने स्प्रिंग दाबली, तिला अडकवून ठेवणारे दोन बारीक लॉक चुंबकाने उचलले आणि स्प्रिंग बाहेर काढली. व्हॉल्व जागचा हलला नाही. मी खाली होते ना!

"आता मला मिस्तरीनबाई म्हना," काशी म्हणाली.

मी सगळी आत गेले तर हेड उतरवूनच मला काढावे लागले असते. म्हणून काशीने माझ्या टोकाला मोठी गाठ मारली आणि तिच्यात साडीची लाल चिंधी अडकवली. दर वेळी ती बजावायची, "शेपूट भायेर ठेवा." काम झाले की ती मला साबणाने धुवायची, उन्हात वाळवायची. लोक लांबून गाड्या घेऊन येत. सकाळी आलेली गाडी संध्याकाळी परत जाई. ते माझे सुखाचे दिवस होते.

दोन वर्षांपूर्वी काशी गेली. आदल्याच दिवशी मी कामावर होते. तेलकट अंगाने खिळ्यावर टांगलेली मी तशीच राहिले. देवजी मला हात लावीना. तो हेड उतरवून काम करू लागला. कोणी विचारले तर म्हणायचा, "तीच खरी पद्धत हाय." खिळ्याच्या गंजाने मी मध्येच कुजले. तेलकट बाजू उंदरांनी कुरतडली.

या जून महिन्यात, एका शनिवारी सकाळी, खैरुन्निसाची शाळेची व्हॅन धूर सोडत आली. ती अकरा मुलांना शाळेत पोचवते.

"सोमवारी शाळा उघडते, देवजीभाऊ. ह्या धुरात पोरांना कोण बसवेल? दोघींच्या आयांनी तर दुसरी गाडी बघायला घेतलीय."

"हेड उतरवाला लागल. बुधवार होईल."

"बुधवारपर्यंत माझ्याकडे एक पोर उरणार नाही. वहिनीची दोरी कुठंय?"

"ती जुनी झाली."

"मग आपण काय नवीन आहोत?"

देवजीची मुलगी सुचिता ऐरोलीला नोकरी करते. शनिवारी तिला सुट्टी असते. ती हसली आणि तिने मला खिळ्यावरून काढले. कुजलेला अर्धा भाग कापून टाकला. गाठीकडची बाजू मात्र चांगली होती. देवजीने प्लग काढले.

पण मी आता तोकडी पडले. गाठ प्लगच्या भोकाशी येऊन टेकली, तरी मी आत सैलच. देवजीने वरून दाबून बघितले तर व्हॉल्व हलला.

"नाय पुरत. हेडच उतरवू."

"बाबा, ह्या गाठीतच हातभर दोरी आहे. सोडली तर पुरेल."

"ती नाय सोडायची." त्याने गाठ मुठीत धरली. "आईनं मारलेली हाय."

सुचिताने विचारले, "कितवी?"

"म्हंजे?"

"आई दर दिवाळीला ही गाठ सोडायची. दोरी गरम पाण्यात उकळायची आणि नवीन गाठ मारायची. जुनी सैल पडते म्हणायची. चिंधी फक्त तीच. तुमाला माहीतच नाय?"

देवजीला माहीत नव्हते. मला माहीत होते, पण दोरीला बोलता कुठे येते?

"वहिनी असती तर एव्हाना मी घरी पोचले असते," खैरुन्निसा म्हणाली.

देवजीने मला मांडीवर घेतले. नखाने, मग पेचकसाच्या टोकाने तो एकेक वेढा सोडवत गेला. त्याला बराच वेळ लागला. शेवटचा वेढा सुटला. मला दुकानातून आणले तेव्हा होते तशीच आत मी पांढरी होते. त्याने तिथे अंगठा फिरवला आणि मला सुचितापुढे धरले.

"मार आता. तिच्यासारखी, पन जरा बारकी."

सुचिताने चिंधी अडकवून छोटी गाठ मारली. मी आत गेले. तिने पान्याने इंजिन फिरवले, देवजीने व्हॉल्ववर दाब दिला. व्हॉल्व हलला नाही. संध्याकाळपर्यंत तिन्ही सिलिंडरची सहाही सील बदलून झाली. खैरुन्निसाने गाडी सुरू केली, मागे जाऊन वाकून बघितले. धूर नव्हता. सोमवारी अकराही मुले व्हॅनमध्ये होती.

त्या संध्याकाळी देवजीने मला स्वतः धुतले. साबण इतका लावला की सुचिता म्हणाली, "बाबा, दोरी आहे, म्हैस नाय." आता मी परत कामावर असते आणि कामानंतर उन्हात, कपड्यांच्या शेजारी, वाळत असते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वस्तू कोणाच्या तरी आठवणीने खिळ्यावर टांगलेली असेल. तिला खाली काढा. धुवा, वाळवा, कामाला लावा. आम्हाला नुसते टांगून ठेवले की आम्ही कुजतो. आणि कधी माझ्यासारखीला इंजिनात घातलेत, तर शेपूट तेवढे बाहेर ठेवा.