तिसरं बोलावणं

वाटाण्याएवढा लाल दिवा... पुठ्ठ्याच्या घराच्या खिडकीत लागलेला, दोन तारा, एक चपटा सेल, चिकटपट्टी – आणि चिकटपट्टीवर कुणा चिमुरड्याच्या बोटाचा मळकट ठसा. तूलिक्की गुडघ्यांवर बसून बघत होती. छान जमलंय, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला. काहीतरी बिनसलेलं असायला हवं होतं. निदान एखादी तार तरी सैल.

मागे वेन्लाचं भाषण चाललं होतं. गावातली पहिली विज्ञानाची बालशाळा, उद्‌घाटनाला आलेले पालक लोकरी मोज्यांत उभे, बूट बाहेर ओळीनं – आणि पुढे वेन्ला, आठ वर्षांपूर्वी पाळणाघरात तूलिक्कीच्याच हाताखाली काम शिकायला आलेली, बर्फावर मीठ टाकून दाखवतानाही जिला घाम फुटायचा, ती आता बघा कशी पाण्यासारखी बोलतेय... "मुलांना उत्तर देऊ नका, भांडं द्या." भांडं! अगं, ते वाक्य माझं. अठ्ठावीस हिवाळे मी पाळणाघराच्या मागच्या अंगणात पोरांच्या हाती बर्फा-पाण्याची भांडी दिली, आणि त्याला विज्ञान म्हणायचं हे मला कुणी सांगितलं नाही. पोटात दुखतंय म्हणतात ते खोटं नाही, खरंच दुखतं, बरगड्यांच्या जरा खाली.

आणि दोष कुणाचा? तीन वर्षांपूर्वी वेन्लानं विचारलं होतं. मुलांचे ओले हातमोजे वाळत टाकता टाकता म्हणाली, "तूलिक्की, आपण दोघी मिळून काढू या का शाळा? तुझं नाव आधी." आणि तूलिक्की म्हणाली होती, "छे गं, मला काय येतंय त्यातलं." तसंच म्हणायचं असतं. आईनं शिकवलं होतं – कॉफीला बोलावलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा उठायचं. आधी उठेल ती हावरट. तूलिक्की दुसऱ्या बोलावण्याची वाट बघत राहिली. नोव्हेंबर गेला, मार्च गेला, तळ्यावरचा बर्फ फुटला. वेन्लानं मात्र नको म्हणजे नको असंच धरलं. या मुली ऐकतात ते खरं मानतात.

टाळ्या झाल्या. कॉफी आली, वेलचीचे पाव आले, आणि टेबलाभोवती जो तो मागे सरू लागला – "तुम्ही घ्या आधी." "नाही नाही, तुम्ही."

वेन्ला थेट तिच्याकडे आली. गाल लाल. "कसं वाटलं? खरं सांग."

"ठीक आहे," तूलिक्की म्हणाली. तोंड भरून कौतुक करायला हवं होतं, जीभ रेटली नाही.

"तुझ्या तोंडून ठीक म्हणजे पुष्कळ झालं." वेन्ला हसली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "बुधवारी येशील? दर बुधवारी. बर्फ तुझ्यासारखा कुणालाच शिकवता येत नाही, मलासुद्धा."

हो – नुसतं हो – एवढाच तर शब्द...

"छे गं," तिचं तोंड म्हणालं, "मी म्हातारी कुठे धडपडू."

"बरं," वेन्ला म्हणाली. तिचा चेहरा जरा उतरला. "जबरदस्ती नाही." आणि ती पालकांकडे वळली.

तेवढ्यात पुठ्ठ्याच्या घरापाशी एक चार वर्षांची पोर, हिल्ला, कोपरानं दोघा मुलांना ढकलत घुसली. "मला! मला हवंय! आधी मी!" कुणी तिला हावरट म्हटलं नाही. एका बाईनं उलट हसून तिच्या हातात तार दिली.

पुन्हा तीच कळ उठली, पण ती आता वेन्लामुळे नव्हती. एकसष्टाव्या वर्षी तूलिक्कीला एका चार वर्षांच्या पोरीचा हेवा वाटत होता, इतका, की डोळ्यांत पाणी आलं – आणि वेन्ला अजून तीनच पावलं लांब होती.