झालरीची दुमड

नाचाच्या बैलाच्या झालरीखालून जुवेनालच्या नडग्या चांगल्या वीतभर दिसत होत्या. साओ लुईसमधल्या त्या अंगणात मणी ओवत बसलेल्या बायका तोंडावर हात धरून हसल्या.

"बैल आहे की बगळा?" एकीने विचारलं.

"माझ्या आईला विचारा, एवढा लांब का काढला," लाकडी सांगाड्याच्या आतून जुवेनाल म्हणाला.

झुलेईदे हसली नाही. तिच्या जन्माआधीपासून बैलाच्या आत तिचे वडील बेर्तोलीनो नाचत आले होते. ते अंगाने लहानखुरे. आत शिरले की माणूस संपायचा आणि बैल उरायचा. मार्चमध्ये ते गेले. आज संध्याकाळी, नाचांचा मोसम सुरू होताना, बैलाचा बाप्तिस्मा होता, आणि आत नाचणारा कोणीतरी हवाच होता.

मंडळाचे म्होरके सेवेरियानोकाका तिच्याशेजारी येऊन बसले. झालर उसवून खाली पट्टी जोड, असं त्यांनी हळूच सुचवलं. बैलाच्या पाठीवरचं भरतकाम दर वर्षी नवं व्हायचं; निळ्या मखमलीची झालर मात्र तीच असायची. ती बाबांच्या मापाची होती. त्यांचे बूटसुद्धा भावाने देऊन टाकले होते. हीही उसवली, तर त्यांचं माप कुठेच उरणार नव्हतं. ती म्हणाली, जुवेनालला गुडघ्यात वाकून नाचू दे.

"आजची रात्र वाकेल गं. पुढे सगळा मोसम कसा वाकेल?"

ती झालर मांडीवर घेऊन बसली. पलीकडे ढोलांची कातडी जाळावर शेकत होती. लहानपणी याच वासात बाबा तिला या नाचाची गोष्ट सांगायचे. गुलाम फ्रान्सिस्कोच्या बायकोला डोहाळे लागले, तेही मालकाच्या लाडक्या बैलाच्या जिभेचे. त्याने बैल मारला. मालक त्याच्या जिवावर उठला. मग वैदूंनी बैल उठवला आणि सगळे नाचले. मोठेपणी झुलेईदेने पुस्तकं धुंडाळली. या नाचात आफ्रिकेचं काय, मूळच्या रहिवाशांचं काय, पोर्तुगिजांचं काय, पोलिसांनी बैलाला शहरात यायला बंदी केव्हा केली होती, ते सगळं ती बाबांना वाचून दाखवायची. ते नीट ऐकून घ्यायचे.

"खरं असेल, पोरी. पण या पुस्तकवाल्यांना विचार, आत किती उकडतं."

तिने कात्री उचलली. टाके बाबांचेच होते, तिरके, घाईचे. उसवता उसवता हाताला जाड लागलं. कापड कापलेलं नव्हतं, आत दुमडलेलं होतं. दुमडीतली मखमल अजून गर्द निळी होती, आणि तिच्या काठाला दुसऱ्याच कोणाची बारीक, सरळ शिवण होती.

"ही कोणाची, काका?"

काकांनी वाकून पाहिलं. "एउझेबियोच्या बायकोची. तुझ्या बापाच्या आधी एउझेबियो आत असायचा. ताडमाड माणूस. तो गेल्यावर बायको झालर द्यायलाच तयार नव्हती. तुझा बाप तिला म्हणाला, कापत नाही, नुसती दुमडतो."

झुलेईदे बराच वेळ त्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. मग उरलेले टाकेही तिने उसवले.

संध्याकाळी पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, हातातल्या लाकडी पट्ट्या एकमेकींवर कडाडल्या, आणि बैल गर्रकन वळला. पाय कुठेच दिसत नव्हते. विटलेला निळा रंग जिथे संपून गर्द निळा सुरू होत होता, तिथे बाबांच्या सुईची भोकं ओळीने राहिली होती.

नाच थांबल्यावर जुवेनाल घामाने निथळत बाहेर आला.

"ताई, आत काय उकडतं गं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि हसली.